मिस्त्रींची पेटी

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी धुकं. दूध उशिरा. अकराच्या सुमाराला मिस्त्री आले. हत्यारांची पेटी बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घालून ओढत आणली होती.

"बाई, ही भंगारात चाललीय. पक्कड हवी असेल तर ठेवून घ्या."

"का हो?"

"आता कुणाला लागतेय? शिंप्याकडे परका प्लंबर, दवाखान्यात परका प्लंबर. मला बघितलं की लोक रस्ता बदलतात. माझं काही चुकलं का?"

मागच्या महिन्यात त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. तेव्हा आम्ही गल्लीकरांनीच ठरवलं होतं, की या माणसाला आता त्रास द्यायचा नाही आणि काही बिघडलं तर त्यांच्या कानावरही घालायचं नाही.

मिस्त्रींनी आधी स्टोव्ह दुरुस्त केले, मग सायकली. पुढे गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद पडल्यावर थिएटरचे पंखे सांभाळले आणि शेवटी नळकामात शिरले. धंदे बदलले, पण गल्लीची सामाईक टाकी आत उतरून घासायचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. दवाखान्यातल्या चाकांच्या खुर्च्यांना तेलपाणी तेच करत. आमचे हे अंथरुणाला खिळले, तेव्हा पलंगाशेजारी बेसिन हवं हे मला सुचायच्या आत मिस्त्री पाइप घेऊन दारात उभे होते.

मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला घरी बसवलंत? विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर ऐकलं असतंत?"

"छे!" म्हणाले, आणि हसू आवरेना त्यांना.

मी खिडकीतून समोरच्या शिंप्याला हाक मारली. तो खाली मान घालून आला.

"बेसिनचा जोड परत गळतोय, मिस्त्री. बायको जेवताना ताटाबरोबर टोमणेही वाढते."

"गळणारच!" मिस्त्रींचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

आम्ही सगळे शिंप्याच्या मोरीत गेलो. मिस्त्री खुर्चीवर बसले आणि शिंपी पाना घेऊन बेसिनखाली आडवा झाला.

"अरे, काज करतोयस का? जोर लाव!"

बघायला अर्धी गल्ली जमली. डोकं मिस्त्रींचं आणि हात आमचे, असं तिथेच ठरलं. पेटी शिंप्याने स्वतः उचलून मिस्त्रींच्या घरी नेऊन ठेवली. देवाने हा माणूस आम्हाला परत दिला, याहून जास्त काय मागायचं?

नंतर सगळे माझ्याकडे चहाला आले. साखर संपली. उद्या आणायची.