‘इतर’ नावाचा फोल्डर

स्वतः ठेवलेली फाइल ज्यांना कधी सापडत नाही, तीच माणसं दुसऱ्याला “सर्च मारा” असं सहज सांगतात. आमचे मुख्याध्यापक त्यातलेच. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर फायलींची इतकी चित्रं पसरलेली असतात की मागचा गणपती झाकला जातो, आणि आदल्या दिवशीचं पत्र हवं असलं की ते मला हाक मारतात. मी रत्नागिरीतल्या या शाळेत वीस वर्षं लिपिक आहे. कागद कुठे आहे हे माहीत असणं याला इथे हुशारी म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. ते बरोबरच आहे. पण मग ज्यांना माहीत नसतं त्यांना हुशार का म्हणतात, हे मला अजून समजलेलं नाही.

आमच्या एका निवृत्त सरांना सगळे हुशार म्हणत. शाळेच्या जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली तेव्हा ती वाचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. रजिस्टरं घरी नेली, प्रत्येक पानाचे फोटो काढले, मग एकेका विद्यार्थ्याची ओळ कापून तिची वेगळी फाइल केली. आणि जागा वाचावी म्हणून अख्ख्या पानांचे फोटो पुसून टाकले. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी पडते असं त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. पुढच्या दोन पावसाळ्यांत मूळ रजिस्टरांचा लगदा झाला. उरलं ते सरांनी केलेलं. स्नेहसंमेलनात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. टाळ्या मीही वाजवल्या होत्या, कारण तोवर त्या फायली उघडायची वेळ आली नव्हती.

ती आली एका गुरुवारी दुपारी. एक बाई, साधारण माझ्याच वयाची, मांडवीकडच्या अंगणवाडीत मदतनीस. ओळखपत्राच्या शिबिरात कुणीतरी तिच्या तोंडाकडे बघून अंदाजाने वय लिहिलं होतं, चार वर्षं जास्त. त्या हिशेबाने महिनाअखेरीला तिला घरी बसवणार होते. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता अंगणवाड्यांच्या कार्यालयात शाळेचा जन्मतारखेचा उतारा दाखवला तर चार वर्षं नोकरी राहणार होती, नाहीतर नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कौलातून गळणाऱ्या पाण्याने भिजून गेला होता. सातवीपर्यंत ती आमच्याकडे शिकली होती. हे सगळं तिने चार वाक्यांत सांगितलं. मला अशी माणसं आवडतात.

मी तिचं माहेरचं नाव टाकून शोधलं. काही नाही. आडनाव टाकलं, जन्मसाल टाकलं, गाव टाकलं. काही नाही. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणाले, सर्च मारून बघा. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मग मी फोल्डर उघडायला लागले, आणि सरांची हुशारी दिसायला लागली. मुलगे व्यवस्थित होते. रजिस्टर नंबर, नाव, साल, सगळं ओळीत. मुली मात्र गावांप्रमाणे लावल्या होत्या. कुठे राहतात त्या गावांप्रमाणे नव्हे, कुठे दिल्या त्याप्रमाणे. रत्नागिरीत दिलेल्या. गुहागर-दापोली. राजापूर. मुंबई. आणि आतल्या फायलींना मुलींची नावंही नव्हती. लग्नात नाव बदलतं, आडनाव बदलतं, मग माहेरच्या नावाने ठेवून ती सापडणार कशी, असा सरांनी विचार केलेला असावा. म्हणून ‘फणसोपच्या पोस्टमनची बायको’. ‘मिरकरवाड्याच्या बर्फवाल्याची थोरली सून’. ‘चष्मेवाली, नवरा बँकेत’. सरांनी आयुष्यभर पंगतीत बसून गोळा केलेली माहिती शाळेच्या दप्तरात भरली होती, आणि आम्ही त्याला शाल घातली होती.

लग्न कुठे झालं, मी तिला विचारलं. ती म्हणाली, गुहागर. गुहागर-दापोलीत पन्नासेक फायली होत्या. एकेक उघडून बघितली. ती त्यात नव्हती.

चार वाजत आले होते. मुख्याध्यापक साडेचारला उठतात, आणि सही त्यांचीच लागणार होती. मी सरांना फोन केला. एका हाताने माउस चालवायचा म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

मी तिचं नाव सांगितलं. सरांना क्षणही लागला नाही. त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे, हे मान्य करायला हवं.

“अगो, ती होय. ती गुहागरात कशी सापडेल तुला? दीड वर्षात परत आली ना ती. ‘इतर’ उघड, त्यात ‘परत आलेल्या’ म्हणून फोल्डर आहे बघ. त्याच्याखालचा ‘राहिलेल्या’ नव्हे.”

मी फोन बंद केला. ती टेबलाच्या पलीकडे बसून सगळं ऐकत होती, आणि तिरका ठेवलेला पडदा तिलाही दिसत होता. माफी मागावी तर कुणाच्या वतीने, हे ठरेना. तिनेच विचारलं, “त्याच्यात हाय ना माझा कागद?”

असेल, मी म्हटलं.

“मंग उघडा की. अठ्ठावीस वर्सं झाली परत येऊन. सर इसरले नायत, ता बरा झाला. नायतर आज गावलीच नसती.”

‘परत आलेल्या’मध्ये अकरा फायली होत्या. बाकीच्या दहा फायलींची नावं मी वाचली नाहीत असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिची सातवी होती. उघडली. रजिस्टर नंबर शाबूत, जन्मतारीख स्वच्छ अक्षरात, तिने सांगितली तीच. मी उतारा टाइप केला, शिक्का मारला आणि मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिले. ते डबा पिशवीत घालत होते. सापडलं ना सर्चमध्ये, असं म्हणून त्यांनी सही केली.

ती शुक्रवारी कार्यालयात गेली. सोमवारी तिचा फोन आला, तारीख दुरुस्त झाली म्हणून. अंगणवाडीत पोरांचा गोंगाट चालला होता, त्यामुळे ती ओरडून बोलत होती आणि लवकर फोन ठेवून मोकळी झाली.

मे महिन्याच्या सुट्टीत सगळे आंब्याच्या मागे असताना मी रोज चार तास शाळेत बसले आणि साडेसातशे फायलींची नावं बदलली. आधी रजिस्टर नंबर, मग रजिस्टरात आहे तेच नाव, मग जन्मसाल. मुलगे आणि मुली एकाच ओळीत. गावांचे फोल्डर रिकामे झाले तसे पुसले. ‘इतर’ शेवटी पुसला. मी स्वतः चिपळूणला शिकले, म्हणून यात नव्हते. असते तर कुठे असते ते मला माहीत आहे. माझं लग्न झालेलं नाही.

जूनमध्ये सर आले. कुणीतरी सांगितलं असावं. माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी पडदा बराच वेळ बघितला. रागावले नव्हते. एवढ्या मेहनतीचं हे काय केलंस, असा चेहरा होता.

“नंबराने कोणीही शोधेल गो,” ते म्हणाले. “पण कुठली कुठे दिली, कोणाचं पुढे काय झालं, हे आता कळणार कसं?”

“नाही कळणार, सर,” मी म्हटलं आणि पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.