संयुक्त नोंद

इंगळेदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होतो. त्यांची मुलगी म्हणाली, "काका, पप्पा गेले... मतलब, सकाळीच." मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग स्वतःची लाज वाटली. सुटल्यासारखं का वाटलं, ते सांगायलाच हे लिहितोय.

आम्ही दोघेही रेल्वेतले. दादा भुसावळकडचे, मालगाडीवर गार्ड. मी सिग्नल खात्यात. बदली होऊन जयपूरला आलो आणि मुरलीपुऱ्यात एकाच गल्लीत घरं घेतली. दादा कोणाच्याही कामाला धावणारे, म्हणून कॉलनीच्या समितीचे सचिव झाले. मी सहसचिव, म्हणजे चहाला हजर. कॉलनीमागे नाल्याकाठी झोपड्या होत्या. तिथली घाण आणि डास यांबद्दल समितीने सरकारकडे अर्ज द्यायचं ठरवलं. दादांनी मसुदा लिहिला. "योग्य ती कारवाई व्हावी" हे शेवटचं वाक्य मी सुचवलं. सरकारी अर्जाला ते लागतंच. दोघांनी सह्या केल्या.

कारवाई झाली. एका सकाळी बुलडोझर आले आणि दुपारपर्यंत वस्ती सपाट झाली. नोटिशीवर कारण होतं, नागरिकांची मागणी. आमच्या कपड्यांना इस्त्री करणारी कमलाबाई विटांच्या ढिगात आपली कोळशाची इस्त्री शोधत होती. दादा मदतीला गेले, तर ती म्हणाली, "बाबूजी, लिखकर तो आप ही ने दिया था." तिच्या आवाजात राग नव्हता. दादांना तेच सोसलं नाही.

कॉलनीत सगळे कानांवर हात ठेवून मोकळे. सरकारने केलं, आपण थोडंच घरं पाडा म्हणून सांगितलं होतं. मीही तेच म्हणालो. दादा म्हणाले, "सरकार काय आभाळातून पडलंय? मत आपलं, अर्ज आपला, मग पाप तेवढं त्यांचं?"

रेल्वेत गाडी रुळांवरून घसरली की प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. म्हणून रिवाज असा, की सगळ्यांनी मिळून जागेवरच संयुक्त नोंद करायची आणि खाली सह्या करायच्या. दादांना तशीच नोंद हवी होती : मागणी आमची होती, चूक आमची आहे, त्या कुटुंबांना जागा द्या. ती घेऊन ते दर सोमवारी सरकारी कचेरीत जात. तिथला बाबू म्हणे, अर्ज दोघांचा, एकट्याने मागे कसा घेता? मग रविवारी दादा माझ्याकडे येत. मी काहीतरी निमित्त काढी. निवृत्ती जवळ आली होती, चौकशीची भानगड नको होती. आणि खरं सांगायचं तर, सही केली की चूक माझीही ठरली असती... वर्षभर मी त्यांना चहा पाजला, सही दिली नाही. हळूहळू ते येईनासे झाले. नाल्याकाठी आता बाग झाली आहे, संध्याकाळी आम्हीच तिथे फिरतो. कमलाबाई शहराबाहेर बगरूकडे गेली म्हणतात, नक्की कोणालाच माहीत नाही.

परवा वहिनींनी बोलावलं. दादांची खोली त्यांनी हलवलेली नाही. टेबलावर नोंदीची शेवटची प्रत होती, जो सोमवार त्यांना दिसलाच नाही त्याची तारीख आधीच घातलेली. खाली दोन नावं. त्यांच्या नावावर सही, माझ्या नावावर कोरी जागा.

"भाऊजी, तुम्ही कराल असं ते शेवटपर्यंत म्हणायचे," वहिनी म्हणाल्या.

मी पेन उघडलं. मग मनात आलं, दादाच नाहीत तर हा कागद चालेल का, आधी विचारून घ्यावं...

"पुढच्या आठवड्यात बघतो," मी म्हणालो.