जुना नकाशा, कर्जतचा बाजार आणि अब्बांची विहीर

कर्जतला लोक कोंडाण्याची लेणी बघायला जातात. आम्ही गेलो एक विहीर शोधायला, आणि ती होती की नव्हती यावरच आमच्या घरात वाद होता.

माझे अब्बा सहा वर्षांचे होईपर्यंत कर्जतच्या बाजारात वाढले. आजोबांची तिथे पावाची भट्टी होती. "आमचं घर मशिदीच्या मागे, अंगणाला लागून विहीर," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आता अब्बा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, गोळी घेतली की नाही ते विसरतात, म्हणून त्यांचं सगळंच संशयात. मागच्या महिन्यात जेवताना माझा धाकटा भाऊ सलीम म्हणाला, "अब्बा, गेल्या खेपेला तुम्ही विहीर मशिदीसमोर सांगितली होती. काहीही जोडता हल्ली." त्यानंतर अब्बांनी कर्जतचं नावच काढलं नाही. मला ते बघवेना. या माणसाकडे बालपणाचा एकही फोटो नाही. आहे ती एवढी आठवण, तीही काढून घ्यायची?

जुने नकाशे पुन्हा छापून देणारे हल्ली बरेच आहेत. मी कर्जत बाजाराच्या जुन्या मोजणी नकाशाची प्रत मागवली, चारशे रुपये. काय सुरेख काम! अक्षरं नाहीत, नुसत्या आकृत्या: एकेक घर, एकेक बोळ, मशीद, आणि मशिदीच्या उजव्या अंगाला विहिरीचं बारीक वर्तुळ. म्हटलं, झालं, निम्मी लढाई जिंकली.

बुधवारी सकाळी अब्बा आणि मी पनवेलहून निघालो. जुन्या हायवेने चौकपर्यंत यायचं, तिथून डावीकडे वळलं की तासाभरात कर्जत. बाजारात गाडी घालू नका, पस्तावाल. स्टेशनच्या अलीकडे लावा आणि चाला. आम्ही आधी वडापाव खाल्ला, मग नकाशा उघडला.

नकाशात वर उत्तर, उजवीकडे पूर्व, हे शाळेतलं ज्ञान. मी अब्बांना घेऊन मशिदीच्या पूर्वेला, म्हणजे दारासमोर गेले. तिथे रस्ता आणि दुकानं. एका भांडीवाल्याला विचारलं.

"इथं हीर? नाय हो. इथं पयल्यापासून रस्ताच हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की नकाशा तर विहीर मशिदीसमोर दाखवतोय. म्हणजे सलीम म्हणत होता तशीच. आणि तिथेही ती नाही. माझा चेहरा अब्बांनी वाचला असावा.

"असेल बाय," ते हळूच म्हणाले. "माझंच चुकत असेल."

मी नकाशाची घडी घातली. तेवढ्यात दुपारची अजान झाली आणि अब्बा नमाजला आत गेले. मी समोरच्या फळीवर बसून चरफडत राहिले.

अब्बा बाहेर आले ते तरातरा. "दे तो कागद." त्यांनी मशिदीच्या आकृतीवर बोट ठेवलं. एका भिंतीला छोटा फुगवटा काढलेला होता. "हा मेहराब. नमाज पढायची ती दिशा. तो तुझ्या नकाशात पूर्वेला आहे. मक्का तर आपल्या पश्चिमेला. कर्जतमध्ये पूर्वेला तोंड करून कोण नमाज पढतं?"

मी कागद नीट निरखला. छापणाऱ्याने कागद फ्रेमला बसावा म्हणून कडा कापल्या होत्या, त्यात दिशेचा बाण गेला, आणि नवं शीर्षक चक्क उलट्या बाजूला छापलं होतं. अब्बांनी कागद गर्रकन फिरवला. आता उजवीकडचं वर्तुळ डावीकडे, पश्चिमेला आलं. मशिदीच्या मागे. (तुम्हीही अशी प्रत घेतलीत तर आधी बाण आहे का बघा. माझ्यासारखा शहाणपणा नको.)

मागच्या बोळात एक आजी ओट्यावर वाल निवडत होत्या. "आजी, इथे विहीर होती का हो?"

"होती कशाला, हाय की. तुमी जिच्यावर उभ्या हाव ती हीरच हाय. वरून लाद्या टाकल्यात." आजींनी अब्बांकडे निरखून पाहिलं. "तुमी कुणाचे?"

"इथल्या पाववाल्याचा मुलगा."

"आगं बाय! आमची सासू भट्टी भट्टी म्हनायची ती तुमचीच! बसा, पानी आनते."

अब्बा ओट्यावर बसले आणि बोलत सुटले. कुठल्या घरात कोण राहायचं, कुणाची म्हैस मारकी होती, आई पाणी काढताना कुठे उभी राहायची. तासभर. मी फोनवर सगळं टिपलं. इतका मोकळा माणूस मी वर्षभरात पाहिला नव्हता.

परतताना खोपोलीमार्गे आलो, कारण सलीम साजगावच्या कारखान्यात आहे आणि त्याची पाळी सुटायची वेळ झाली होती. रस्ता थोडा लांबचा, पण त्याला आजच ऐकवायचं होतं. गाडीत बसल्या बसल्या त्याला रेकॉर्डिंग लावून दिलं. कुंभिवली गाव मागे पडेपर्यंत तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "चुकलं माझं, अब्बा." मी मनातून अगदी फुशारले होते.

घरी चहा घेताना अब्बांना विचारलं, "भर बाजारात एवढ्या पटकन 'माझंच चुकत असेल' का म्हणालात?"

"तुम्ही दोघं रोज सांगता ना, अब्बा, असं नव्हतं, अब्बा, तसं नव्हतं. मला खरंच वाटायला लागलं होतं."

"दोघं?" मी म्हणाले. "सलीम म्हणतो."

अब्बा बशीत चहा ओतत होते. "सलीम मोठ्याने म्हणतो," ते म्हणाले. "तू नकाशाची घडी घातलीस."