वहिनी चेकसम वाचतात

समोरच्या दारातल्या गृहस्थांना आमचा सगळा मजला 'खातरजमा' म्हणतो. कुलूप लावून जिना उतरतात आणि ते ओढून बघायला पुन्हा वर येतात. दिवसा विम्याच्या कचेरीत असतात, पण जीव सगळा एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पॅकेजात. मूळ लेखक फाइल जाहीर करतो, हे ती तपासून, बांधून लोकांना देतात. पगार शून्य, रुबाब सेनापतीचा.

तपासायचा असतो चेकसम. अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. फाइलीत टिंब हललं तरी माळ बदलते. लेखकाने दिलेली माळ आणि हाती आलेल्या फाइलची माळ जुळली पाहिजे. संगणक हे क्षणात सांगतो, पण यंत्रावर विसंबतील ते खातरजमा कसले? एक माळ कागदावर धरून ते बसणार आणि दुसरी वहिनींनी, हातातली भाजी टाकून, मोठ्याने वाचायची.

जावईही याच धंद्यातला. त्याला हे 'अंदाजपंचे' म्हणत, तेही तोंडावर. एकदा जेवताना त्याने गोड आवाजात परतफेड केली. "बाबा, नवी आवृत्ती केव्हाच आली. तुमचं पॅकेज अजून जुनंच? वयोमानाने होतं असं."

खातरजमा ताटावरून उठले. फाइल उतरवली, तर माळ जुळेना. अशा वेळी आधी लेखकाला विचारायचं, हा त्यांचाच दंडक. पण बाहेर जावई हात पुसत बसला होता. लेखक नवी माळ टाकायला विसरला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, आलेल्या फाइलचीच माळ काढून पॅकेजात डकवली आणि वहिनींना वाचायला बसवलं. तंतोतंत जुळली. का नाही जुळणार? चोराचा अंगठा चोराच्याच ठशाशी लावला होता.

फाइल कुणीतरी मधेच बदलली होती. यांचं पॅकेज घेतलेल्या कितीतरी लोकांचे फोटो, कागदपत्रं संगणकावरून साफ पुसली गेली. निदान पॅकेज हातून जाऊ नये म्हणून यांनी, पॅकेजं कुणी सांभाळायची ते ठरवणाऱ्या मंडळाला लांबलचक माफीपत्र लिहिलं. उत्तर एका ओळीत आलं: तुमचे अधिकार काढले आहेत. पॅकेज कुणाला दिलं ते लेकीने फोनवर सांगितलं, हसू आवरत. तिच्या नवऱ्याला.

आता जावयाची आवृत्ती आली की खातरजमा चष्मा पुसून बसतात. एक अक्षर चुकावं, एवढीच आस. भिंत पातळ, मला घरबसल्या ऐकू येतं. परवा वहिनींनी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "जुळलं हो. त्यांचं नेहमीच जुळतं."

"पुन्हा वाच."

वहिनींनी पुन्हा वाचलं. आधीपेक्षा सावकाश, चवीचवीने.