कॅमेऱ्यावरचा नॅपकिन

कामोठ्यात आमच्या सेक्टरातल्या बालवाडीत तीन टीचर आहेत. तिघींकडे सर्टिफिकिटं आहेत. मुलं सांभाळते ती मात्र रमा मावशी. गव्हाणहून येते, तेरा वर्षं लोकांच्या पोरांचे शेंबूड पुसते, आणि वर्गाच्या एकाही फोटोत नसते.

आमचा नातू स्वानंद, वय वर्षं तीन. मॅडमनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत रुळला नाही तर पुढच्या वर्षी आणा. सुनेची, विनिताची, रजाही शुक्रवारीच संपत होती. तो घरी राहिला तर नोकरी तिनेच सोडायची. आमच्या मुलाच्या, सुशांतच्या नोकरीचा विषय कुणाच्या मनातही आला नाही.

शाळेने कॅमेऱ्याचं ॲप दिलेलं. आमच्या शहाण्यांनी ते टीव्हीला जोडलं. पोराने ओठ काढला की विनिता चपला घालून तयार. मी तरी कुठे कमी? पोथी मांडीवर, डोळे टीव्हीवर. देव बिचारा वाट बघत बसलेला. तीन दिवसांत स्वानंदला मेख कळली. बरोबर कॅमेऱ्याखाली उभा राहून, वर बघून रडायचा. दहा मिनिटांत आई हजर!

गुरुवारी टीव्हीवर एकाएकी नुसत्या निळ्या चौकटी. कुणीतरी कॅमेऱ्यावर ओला नॅपकिन वाळत घातलेला. आम्ही दोघी धावलो.

दारात मावशी आडवी उभी.

"बाय, आत येऊ नको."

"मावशी, तो रडतोय!" विनिता म्हणाली.

"रडतोय. मंग? मी हाय ना हितं."

"तुम्हाला नाही कळायचं. सेपरेशन अँग्झायटी असते मुलांना."

"ती तुला हाय. त्याला नाय."

आणि मान वळवून आत ओरडली, "स्वानंद, खिचडी गरम हाय. आदी फुंकर मार, मंग रड!"

खिडकीच्या जाळीतून आम्ही पाहत होतो. तो फुंकर मारायचा, मध्येच हुंदका यायचा, पुन्हा फुंकर. दोन्ही एकदम जमेनात. पाचव्या-सहाव्या फुंकरीला हुंदका आलाच नाही. घास तोंडात गेला. मग शेजारी आभा रडत होती, तिच्या वाटीत फुंकू लागला.

विनिता जाळी धरून उभी राहिली. आत गेली नाही.

संध्याकाळी सुशांत तापला. "कॅमेऱ्यावर ओलं फडकं? पालकांच्या ग्रुपवर टाकतो. हायजीन म्हणून काही आहे की नाही?" मुलगा जेवला का, हे विचारायचं सुचलं नाही.

विनिताने त्याच्या हातातून फोन घेतला, ॲप काढून टाकलं.

"सोमवारपासून मी ऑफिसला जातेय," ती म्हणाली. "तुला रडू आलं तर फुंकर मार."