करंजाड्यातली तांदळाची भाकरी

पनवेलला बदली झाल्यावर काही दिवस मी रोज नवी खानावळ शोधत हिंडलो. करंजाड्यात नव्या इमारतींमध्ये एका पत्र्याच्या शेडखाली आगरी बाई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, तिथे मात्र रमलो. भाकरी तिच्या ओल्या हातांवर फिरत फिरत मोठी व्हायची आणि तिची नजर बाकांखालच्या फरशीवर स्थिरावलेली असायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, काही सांडलंय का?"

"नाय वो. तुमी बसलाव ना, तथं आमचा शेत होता. भाकरी थापताना मना अजून भात हालताना दिसतो."

मी नकळत पाय वर घेतले.

ती हसली. "ठेवा पाय खाली. जेवाला बसलेल्या मानसावर शेत रागवत नाय."