पुऱ्या तीस रोज्यांची हौस

बायकांचे रोजे पुरे तीस होत नाहीत, हे गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक असतं आणि प्रत्येक जण ठाऊक नसल्यासारखा वागतो. महिन्याच्या त्या पाच-सहा दिवसांत रोजा धरायचा नसतो. तरी पहाटेच्या जेवणाला, सहरीला, उठायचं, सुकल्या तोंडानं दिवसभर फिरायचं, आणि भूक लागली की स्वयंपाकघराचं दार लोटून भिंतीकडं तोंड करून भाकरी खायची. राहिलेले रोजे पुढं सवडीनं भरून काढायचे, त्याला आम्ही कजा म्हणतो. तीस-पस्तीस वर्षं मी हेच केलं. सासऱ्यांची चाहूल लागली की घास गालात दाबून "जी अब्बा" म्हणण्यात माझा हात धरणारी कुणी नव्हती.

मग स्वाइन फ्लूचं साल आलं. मी पन्नाशीला टेकले होते आणि त्या पाच-सहा दिवसांतून कायमची सुटले होते. म्हणजे जन्मात पहिल्यांदा पुरे तीस रोजे, पुरुषांसारखे! हज करून आल्यागत मी मिरवायला लागले. शेजारच्या भाभीला सांगितलं, बांगड्या भरणारीला सांगितलं, हिंगोलीच्या बाजारात भेटेल तिला सांगितलं, "यंदा माझे तीस. एक बी कमी न्हाई."

शेजारची भाभी वयानं माझ्याहून बारा वर्षं लहान आणि जिभेनं तेवढीच मोठी. ती म्हणाली, "धरा, धरा. आमी दाराआड भाकर खाऊ अन् तुमचं नाव घेऊ."

माझी सून तेव्हा सात महिन्यांची पोटुशी. रोजा धरू का, म्हणून विचारत होती. मी तिला शहाणपण शिकवलं, "अल्लानं सूट दिली ती गुमान घ्यावी. न घेणं म्हणजे अकड." बोलताना मान अशी वर, की छताला लागावी.

रमजान अर्धा झाला आणि पुण्याची बहीण आजारी पडली. जाऊन बघून आले. प्रवासात रोजा सोडायची मुभा असते, ती मी एसटीतही घेतली नाही. परतल्यावर दोन दिवसांनी, अठराव्या रोज्याला, अंगात ताप आणि छातीत खोकला.

नगरपालिकेचा रिक्षा भोंगा लावून फिरत होता, पुण्याहून आलेल्यांनी दवाखान्यात नाव सांगावं. मशिदीच्या माइकवरूनही पुकारा होत होता, खोकला असेल त्यांनी नमाज घरी पढावी, आजाऱ्याला रोजा माफ आहे. मी दोन्ही नीट ऐकलं. गोधडीत तोंड खुपसून ऐकलं. बारा रोजे उरले होते, आणि मला ते हवे होते.

ताप लपवणं सोपं. चुलीपुढं बसलेल्या बाईचं तोंड लालच असतं. खोकला कुठं लपवायचा? मग या हुशार बाईला युक्ती सुचली. जवळा बाजार गावाहून आणलेल्या लाल मिरच्या होत्या. दुपारी खोकल्याची उबळ आली की तव्यावर मूठभर मिरच्या टाकायच्या. सगळं घर खोकायचं, त्यात माझा खोकला खपून जायचा. पोरांचे अब्बा गादीच्या दुकानातून येऊन दारातच शिंकायचे, "अगं, काहून रोज मिरच्या भाजून राहिलीस?"

"मसाला संपला ना!"

ठसक्यानं रोज्याला बाध येतो का, हे मी मौलानांना विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना त्यांनी!

पण धूर काय घराची भिंत बघून थांबतो? दोन दिवस आमची सगळी गल्ली खोकली. कुणीतरी घाबरून दवाखान्यात कळवलं, आणि विसाव्या रोज्याला, दिवस उतरणीला लागलेला, नगरपालिकेची सिस्टर तोंडाला पट्टी बांधून दोन माणसांसह गल्लीत हजर. ही भीमनगरची, आमच्या तिन्ही पोरांना लसी टोचलेली, घरचीच म्हणा ना. ती दारोदार विचारत आली, "खोकला कव्हापासून?"

"परवापासून."

"दिवसभर?"

"न्हाई. दुपारून लागतो, इफ्तारला थांबतो."

चार घरं झाली, चारीकडं तेच. नमाजाच्या वेळा पाळणारा रोग तिनं आजवर बघितला नव्हता. पाचवं घर आमचं. ती आत आली, तव्याकडं बघितलं आणि स्वतःच पट्टीआड खोकायला लागली. मग माझ्याकडं बघितलं.

"भाभी, तोंड उघडा. ताप बघायचाय."

"रोजा हाय. तोंडात काही घालत न्हाई."

"मंग बगलेत धरा."

बगलेला काय कारण सांगणार? पारा एकशे दोनच्या वर. पुण्याचंही निघालं. सिस्टर खाली बसली, हसणं विसरून म्हणाली, "अन् घरात पोटुशी पोरगी. काहून लपवलं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. दोन दिवस मी तिच्याच ताटात वाढत होते.

तरी शेवटचा हिसका दिलाच. "तासाभरावर इफ्तार आलं. तेवढा तर होऊ द्या. मंग गोळ्या घेते."

सून दारातून म्हणाली, "अम्मी, अल्लानं सूट दिली ती गुमान घ्यावी."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी पाणी प्याले. पन्नास वर्षांची बाई, पेल्यात तोंड घालून रडत होते, आणि खरं सांगते, पाणी फार गोड लागलं.

मला मागच्या खोलीत घातलं. सुनेला शेजारच्या भाभीनं उचलून स्वतःच्या घरी नेलं, विचारलंसुद्धा नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातून गोळ्या आल्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या. सिस्टर रोज यायची, सुनेचा ताप आधी बघायची, माझा मागाहून. सुनेला काही झालं नाही, शुक्र आहे. नाकाचा नमुना पुढं पाठवला होता. त्याचं उत्तर मी बरी होऊन भांडी घासायला लागले तेव्हा आलं. मशिदीतल्या पोरांनी गल्लीत साबण वाटले. इफ्तारला खिडकीत कुणाची खिचडी, कुणाचे खजूर, हट्टा गावच्या कुणा पाहुण्यानं आणलेली केळी. जितकं त्या नऊ दिवसांत खाल्लं, तितकं रोज्यात कधी खाल्लं नव्हतं. आणि प्रत्येक ताटाबरोबर खिडकीतून एक चौकशी, "भाभी, मसाला झाला का?"

नऊ रोजे गेले. शेवटचे दोन तेवढे धरले, ईद झाली.

ईद सरल्यावर काही दिवसांनी मी कजा धरायला बसले. भाभीच्या ओट्यावर गल्लीतल्या चार-पाच जणी तूर निवडत होत्या. त्यांचेही आपापले राहिलेले चालू होते. माझे सुकलेले ओठ भाभीनं लांबूनच हेरले.

"आल्या का परत आमच्यात?"

"आले गं बाई. सरक, जागा दे."

तिनं सरकून सुपाची एक बाजू माझ्याकडं दिली. "किती हायेत?"

"नऊ."

"माझे पाच. पाच जोडीनं धरू. उरलेल्या चार दिवशी मी तुमच्यासमोर चहा पीत बसते, तेवढीच सोबत."

सगळ्या हसल्या. मला वाटलं गंमत करते. सहाव्या दिवशी ती खरंच कपबशी घेऊन आली आणि माझ्यासमोर बसून, बशीत ओतून, फुर्र फुर्र करीत प्याली.